सुनेची पाठ कोण दाबणार?

घरी, शेतात, दुकानात, मशीनवर शिवता शिवता रेडिओ ऐकणाऱ्या माझ्या साऱ्या मावश्या, काकू, ताया आणि लेकींनो, आज बचत, हप्ता आणि बँकेचं बोलणं बाजूला ठेवू. आज आपण आपल्या पाठीबद्दल बोलू.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गटांच्या बैठकांना आम्ही वर्षानुवर्षं बसतो. हिशेबाची वही मिटली की गप्पा सुरू होतात, आणि त्या फिरून फिरून एकाच जागी येतात. कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचा खांदा, कुणाची टाच. मग कुणीतरी म्हणतं, "बाईच्या जन्माला आलं की हे आलंच." सगळ्या हसतात आणि उठून कामाला लागतात. पण कर्जाच्या कारणाचा रकाना वाचला की 'दवाखाना' हा शब्द पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणजे हसून सोडलेलं दुखणं शेवटी वहीत येतंच, आणि व्याजासकट येतं.

हे दुखणं येतं कुठून, ते सांगायला डॉक्टर लागत नाही. पावसाळ्यात खुरपणी, म्हणजे दिवसभर उकिडवं बसून पुढे सरकणं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची काढणी, म्हणजे कंबरेत वाकून विळा चालवणं. मग कापूस वेचणी, कंबरेला ओटी बांधून, आणि ओटी जशी भरेल तसा पुढे ओढणारा भार. कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, अहमदपूर भागातून जे कोयते ऊसतोडीला जातात, त्यांतल्या बाया तर तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढतात. घरी आलं की पाणी, चूल, झाडलोट, आणि कडेवर लेकरू. कडेवर घेताना कंबर नेहमी एकाच बाजूला काढलेली असते. आपल्या गटांतल्या शिलाईच्या आणि पापडाच्या बायांचं दुखणं निराळं. त्यांची मान खाली आणि खांदे पुढे, तासन् तास.

आता या दुखण्यावर आपण काय करतो? पहिलं म्हणजे गोळी. मेडिकलमधून दोन रुपयांची, पाच रुपयांची गोळी आणायची आणि कामावर जायचं. कधीतरी घेतली तर ठीक. पण अशा वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने, उपाशीपोटी, डॉक्टरला न विचारता घेतल्या तर पोटात जखम होते, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं खराब होतात. दुसरं म्हणजे कंबरेचा पट्टा. तिसरा उपाय सगळ्यात महाग, तो म्हणजे पिशवी काढून टाकणं. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, पाळीचा त्रास आहे, काढून टाका म्हणजे कटकट गेली, असं सांगणारे भेटतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या सर्वेक्षणात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांना विचारलं गेलं आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. मैत्रिणींनो, मोळीने दुखावलेली पाठ पिशवी काढून बरी होत नाही. उलट कमी वयात पिशवीसोबत अंडाशयही काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि पाठीचं दुखणं वाढतं.

याहून जुना उपाय आपल्या घरातच आहे, तो म्हणजे हात. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाय लावून घेणं आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलं आहे. पालथं पडून लहान लेकराला पाठीवर चालायला सांगणंही पाहिलं आहे. बाळंतिणीला तेल लावून शेकणं, सुईणबाईने कंबर चोळणं, हेही आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं. रात्री सासूचे पाय, सासऱ्याचे पाय सून दाबते. पण सुनेची पाठ कोण दाबतं? हा प्रश्न एका बैठकीत एका लेकीने विचारला आणि पन्नाशीच्या बायाही गप्प झाल्या, कारण त्याही कधी सुना होत्या. त्या प्रश्नामुळे आम्ही एका फिजिओथेरपिस्ट ताईंना गटात बोलावलं आणि पाठ कशी दाबावी हे नीट शिकून घेतलं. आजचं बोलणं त्या शिकण्यातून आलेलं आहे.

ताईंनी आधी एक मोसंबी मागितली. मोसंबी सोलली की सालीखाली पांढरा थर असतो. मग प्रत्येक फोडीला पातळ पापुद्रा. फोड उघडली की आत रसाचा एकेक दाणा, आणि त्यालाही आपापली पिशवी. रस कुठे सांडत नाही, फोड फोडीला धरून राहते, ते या पापुद्र्यांमुळे. आपलं शरीरही असंच बांधलेलं आहे. कातडीखाली, प्रत्येक स्नायूभोवती, स्नायूच्या आतल्या दोऱ्यांभोवती, हाडांभोवती असा पांढरट पडदा असतो. त्याला फॅशिया म्हणतात. मटण साफ करताना जी पांढरी, चिवट झिल्ली आपण सुरीने ओढून काढतो, ती हीच. हा पडदा डोक्यापासून तळपायापर्यंत सलग आहे. कंबरेवर तर शंकरपाळ्याच्या आकाराचा त्याचा जाड पट्टाच आहे. वरून दंड-खांद्याकडून येणारा मोठा स्नायू त्याला जोडलेला आहे आणि खालून कुल्ल्याचा स्नायूही त्यालाच जोडलेला आहे. म्हणून खांद्याने ओढलेलं ओझं कंबरेला कळतं.

या पडद्याच्या थरांमध्ये वंगणासारखा ओलावा असतो, त्यामुळे थर एकमेकांवरून सरकतात. एकाच अवस्थेत अंग तासन् तास अवघडून राहिलं, किंवा दुखतं म्हणून हालचालच बंद केली, की हे सरकणं कमी होतं. अंग आखडल्यासारखं, कुणी आतून चिमटा घेतल्यासारखं वाटतं. या पडद्यात मज्जातंतूंची टोकं भरपूर असतात, म्हणून तो स्वतःही दुखतो.

हाताने या पडद्यावर काम करण्याची पद्धत जगात गाजवली ती एका बाईने. तिचं नाव आयडा रॉल्फ. ती अमेरिकेत १८९६ साली जन्मली आणि १९२० साली, बायका फारशा शिकत नसताना, तिने कोलंबिया विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पुढे तिने योगाचाही अभ्यास केला. शरीराचा तोल बिघडला की पडदा त्याच बिघडलेल्या आकारात बसतो, म्हणून हाताने, कोपराने, सावकाश दाब देत तो मोकळा करावा, असं तिचं म्हणणं होतं. दहा बैठकांची तिची पद्धत आजही 'रॉल्फिंग' या नावाने चालते. १९७९ साली ती वारली. आपल्या पुण्यात बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी वेगळ्या वाटेने तेच सांगितलं. ज्याचं अंग वळत नाही त्याला दोरी, लाकडी ठोकळा, खुर्ची, भिंत यांचा आधार द्या, आणि अंग सरळ रेषेत आणा.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण यावर बाजार चालतो. "तुमच्या नसा चिकटल्या आहेत, पडद्याची गाठ पडली आहे, मी हाताने फोडतो," असं सांगून जोरजोरात रगडणारे लोक असतात. २००८ साली संशोधकांनी गणित मांडून पाहिलं की मांडीच्या बाहेरचा किंवा तळपायाचा जाड पडदा हाताने किती बदलतो. उत्तर आलं की शंभरात एक भाग बदलायलाही माणसाच्या हाताबाहेरचा जोर लागेल. मग दाबल्यावर बरं का वाटतं? सावकाश दाबाने मज्जातंतू शांत होतात, आवळलेला स्नायू सैल पडतो, थरांमधला ओलावा हलतो आणि माणसाचा श्वास खोल जातो. म्हणजे आराम खरा आहे, पण तो जोराने मिळत नाही. दातओठ खाऊन सोसलेली मालिश जास्त गुणकारी असते, हा गैरसमज काढून टाका.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणजे दर तेरा माणसांत एकाला, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. त्या सूचनांत व्यायाम, दुखणं समजून घेणं आणि मालिशसारखे हाताचे उपचार यांना जागा दिली आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणं, म्हणजे ट्रॅक्शन, हे मात्र अशा दुखण्यासाठी नेहमीचा उपाय म्हणून करू नका, असं सांगितलं आहे. मालिशचा आराम बहुतेक वेळा थोड्या दिवसांचा असतो. तो टिकवायचा तर हालचाल हवी. म्हणून दाबणं आणि हालणं ही जोडी आम्ही तोडत नाही.

आता पद्धत सांगतो. कागद-पेन्सिल घ्या, नाहीतर लेकीला लिहायला सांगा.

दाबण्याआधी प्रश्न विचारायचे. पडल्यानंतर दुखणं सुरू झालं का? संध्याकाळी ताप येतो का? वजन उतरलं का? रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखतं का? पायाला मुंग्या येतात का, पाय लुळा पडतो का? लघवी-संडासचा ताबा गेला का, किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली का? कधी कॅन्सर झाला होता का? एकाच पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं आहे का? यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर हात लावायचा नाही, दवाखान्यात न्यायचं. लघवीचा ताबा गेला असेल किंवा पाय लुळा पडत असेल तर त्याच दिवशी.

हे प्रश्न म्हणजे नुसती औपचारिकता नाही. आमच्या एका गटातल्या मावशी कित्येक महिने पाठ दुखते म्हणत होत्या. आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाने त्यांची पाठ दोनदा झटका देऊन 'बसवली' होती. फिजिओथेरपिस्ट ताईंनी गटात सगळ्यांना हे प्रश्न विचारले, तेव्हा मावशी हळूच म्हणाल्या, "संध्याकाळी कणकण असते. चोळ्या ढिल्या झाल्यात." ताईंनी हात लावला नाही. आशाताईंसोबत मावशींना सरकारी दवाखान्यात पाठवलं. तपासण्या झाल्या आणि मणक्याचा टीबी निघाला. टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. मावशींनी ते मधे न सोडता पूर्ण केलं आणि आज त्या बैठकीला चालत येतात. आणखी एक झटका बसला असता तर काय झालं असतं, हे कुणी मोठ्याने बोलत नाही. पण तेव्हापासून आमच्या गटांत प्रश्न विचारल्याशिवाय कुणी कुणाच्या पाठीला हात लावत नाही.

सगळी उत्तरं 'नाही' आली तर सतरंजीवर पालथं झोपवा. पोटाखाली घडी केलेली साडी आणि घोट्याखाली दुसरी घडी, म्हणजे कंबरेवर ताण येत नाही. तेल अगदी थोडं, किंवा नकोच. हात घसरत राहिला तर नुसतं चोळणं होतं. आधी दोन्ही तळवे नुसते पाठीवर ठेवा आणि तिचा श्वास हाताला कळू द्या. मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, हाडावर नव्हे, तळव्याची टाच टेका आणि आपल्या अंगाचं वजन हळूहळू त्यावर सोडा. अंगठ्याने रुतवू नका. तिलाही दुखतं आणि दाबणारीचा अंगठाही जातो. पाच-सहा श्वास थांबा. आतून लोणी मऊ पडल्यासारखं वाटलं की इंचभर पुढे सरका. असं कंबरेपासून खांद्यापर्यंत या. मग कुल्ल्यावर दुमडलेला हात, कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग टेकून तसंच करा. तिथे बहुतेक जणी म्हणतात, "बाई गं, दुखणं इथं होतं तर!"

किती दाबायचं, याला आमचं माप आहे. विचारायचं, "रुपयात किती आणे दुखतंय?" चार ते सहा आणे, म्हणजे गोड दुखणं, चालेल. आठ आण्यांच्या वर गेलं, श्वास रोखला, मूठ आवळली, की हात हलका करायचा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. झाल्यावर कुशीवर वळून सावकाश उठायचं, पाणी प्यायचं आणि अंगणात दोन फेऱ्या मारायच्या.

काही जागांना हात लावायचा नाही. गळ्याची पुढची बाजू, गुडघ्याची मागची खोबण, फुगलेल्या शिरा, जखम, सूज, आणि कण्याची हाडं. मान कधीही वळवून कडकन वाजवायची नाही. गरोदर बाईला पालथं झोपवायचं नाही, तिच्या पोटावर दाबायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ असतील, तर डॉक्टरला विचारूनच.

दाबायला कुणीच नसेल तर एक साधा उपाय. लेकराचा रबरी चेंडू जुन्या मोज्यात घाला, भिंतीला पाठ लावून उभ्या राहा आणि चेंडू पाठ आणि भिंतीच्या मधे धरा. गुडघे थोडे वाकवत वर-खाली व्हा. टाच दुखत असेल तर बसून तोच चेंडू तळपायाखाली फिरवा.

पण मैत्रिणींनो, रात्री दाबून घेतलं आणि सकाळी पुन्हा त्याच तऱ्हेने दहा तास वाकलो, तर हे नळ चालू ठेवून पाणी पुसण्यासारखं आहे. म्हणून कामही बदलायचं. खुरपताना पात संपली की उभं राहा, हात कंबरेवर ठेवा आणि चार वेळा मागे वाका. ओझं उचलताना कंबरेतून न वाकता गुडघे आणि खुब्यातून वाका, आणि ओझं अंगाजवळ धरा. एक मोठी घागर कडेवर घेण्यापेक्षा दोन हातांत दोन लहान घ्या. लेकरू कधी या कडेवर, कधी त्या. झाडू लांब दांड्याचा घ्या. शिलाईची खुर्ची उंच करा, आणि दर अर्ध्या तासाने उठा. ताठ बसा, ताठ बसा, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं, पण ताठ बसूनही तीन तासांनी पाठ दुखतेच. अमुकच बसणं चांगलं असं काही नसतं, बदलत राहणं चांगलं.

अवजारांचाही विचार करा. उभ्याने चालवायचं सायकल कोळपं घेतलं तर बरीचशी खुरपणी बसून करावी लागत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम झालेलं आहे. गटाने मिळून एखादं कोळपं घेतलं आणि पाळीपाळीने वापरलं, तर कर्जाच्या रकान्यात 'दवाखाना' लिहायची वेळ कमी येईल. अवजारासाठी घेतलेलं कर्ज फिटतं. गोळीसाठी घेतलेलं पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

दुखणं तीन महिन्यांच्या वर राहिलं तर तज्ज्ञाला दाखवा. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. खासगीत जायचं असेल तर फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. आणि कंबर दुखते म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. ते मत घ्यायला सोबत हवी असेल तर गटातल्या दोघी-तिघी येतील.

आमच्या काही गटांत आता महिन्याच्या बैठकीनंतर अर्धा तास याच्यासाठी ठेवला आहे. जोड्या पाडतात. नियम एकच, जिने दाबून घेतलं तिने दाबायचं. वयाचा, मानाचा, नात्याचा प्रश्न नाही. पहिल्यांदा बाया लाजल्या. आता सतरंज्या आधी अंथरल्या जातात आणि मग वही उघडते. एका गटात तर सासू आणि सून एकाच जोडीत आल्या. सून पालथी झोपली, सासूबाईंनी हात ठेवला आणि विचारलं, "किती आणे?" सून म्हणाली, "दोन आणे फक्त, आत्या. अजून थोडं." सगळा गट हसला, सासूबाईही हसल्या, आणि हात मात्र नीट, सावकाश पुढे सरकला.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला एक सतरंजी जास्त न्या. आधी प्रश्न विचारा, मग हात लावा, आणि ज्या लेकीची पाठ आजवर कुणी दाबली नाही, तिचा नंबर पहिला लावा.